नागपुरात नदी-विहिरीच्या पाण्यावर लक्ष कोण ठेवतं? घरच्या विहिरीचं पाणी प्यावं का?

एकच खातं नाही. नद्यांचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासतं, विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणा मोजते, नळाचं पाणी मनपाकडे. पण पाणी खात्यांच्या हद्दी पाळत नाही. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. त्याचा त्रास भंडाऱ्याकडच्या गावांनी सोसायचा, हे मला अजिबात पटत नाही. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देतात, ते मात्र चांगलं काम आहे.

तुमच्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. नायट्रेट (खत-सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार) लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. तान्हं बाळ असेल तर जास्तच जपा.