वाचकांचे प्रश्न : सामाजिक शास्त्रांची पदवी

प्रश्न : माझ्या मुलीला बारावीला विज्ञान शाखेत ७८ टक्के गुण मिळाले आहेत, तरीही तिला समाजशास्त्र घेऊन बी.ए. करायचे आहे. नातेवाईक म्हणतात, एवढे गुण असताना आर्ट्सला कशाला? खरे सांगायचे तर या विषयात तीन वर्षे शिकवतात तरी काय, हे आम्हालाही नीट माहीत नाही. – एक पालक, वाशीम

उत्तर : आपण शेवटी जे विचारले आहे, त्यापासूनच सुरुवात करतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. लग्न जातीतल्या जातीत होते, हे त्या काळी खेड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. बाबासाहेबांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. लग्ने जातीतच व्हायची असतील, तर जातीतल्या लग्नाच्या वयाच्या स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. पण नवरा वारला की विधवा जास्तीची उरते आणि बायको वारली की विधुर जास्तीचा उरतो, तर या जास्तीच्या माणसांची सोय समाज कशी लावतो? सती, सक्तीचे वैधव्य आणि मुलींचे बालपणीच लग्न लावणे, या तीन चालींचा संबंध त्यांनी याच प्रश्नाशी जोडून दाखवला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट कशाच्या आधारावर टिकून राहते, हे पुराव्यानिशी शोधायला शिकवणे, हेच या पदवीचे काम आहे. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांत पुरावा गोळा करण्याच्या रीती वेगळ्या आहेत, एवढेच.

नोकरीबद्दल मी आपली दिशाभूल करणार नाही. नुसत्या बी.ए.वर लगेच चांगली नोकरी मिळणे अवघड असते, त्यामुळे पुढे एम.ए., समाजकार्य, बी.एड., पत्रकारिता किंवा स्पर्धा परीक्षा यांपैकी काहीतरी करावे लागेल, हे धरूनच चाला. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली असल्यामुळे स्वतःच्या शब्दांत मुद्दा मांडता येणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे वाव आहे. मात्र केवळ त्या परीक्षेसाठी हा विषय घेतलेली मुले पहिल्याच वर्षी कंटाळतात, असा माझा अनुभव आहे. मुलगी विज्ञान शाखेतून येत आहे, ही जमेची बाजू समजा. तिचे गणित बरे असेल, तर समाजशास्त्राच्या जोडीला दुय्यम विषय म्हणून अर्थशास्त्र, आणि महाविद्यालयात मिळत असल्यास संख्याशास्त्र, तिने आवर्जून घ्यावे. आकड्यांना न घाबरणारे विद्यार्थी या शाखेत कमी आहेत आणि त्यांची गरज मोठी आहे.

प्रश्न : पदवीच्या चौथ्या वर्षासाठी थांबावे, की तीन वर्षांनंतर एम.ए.ला प्रवेश घ्यावा? – एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, सांगली

उत्तर : तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे असते आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर ते एका वर्षाचे, त्यामुळे एकूण वर्षे तेवढीच होतात. चौथे वर्ष संशोधनासह करायचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. निर्णय घेण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयात संशोधनाला मार्गदर्शन करणारे प्राध्यापक खरोखर आहेत का, याची चौकशी करा. ते नसतील, तर चौथे वर्ष तिथे न काढता विद्यापीठाच्या विभागात एम.ए.ला प्रवेश घेणे श्रेयस्कर.

प्रश्न : मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. सर वाचायला इंग्रजी लेख देतात. एका पानाला तास लागतो आणि तरीही काही उमगत नाही. गाईड वाचून पास होतो, पण मनाला टोचणी लागून राहते. – एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष, हिंगोली

उत्तर : टोचणी लागते, याचाच अर्थ तुम्ही योग्य वाटेवर आहात. गाईडमध्ये उत्तरे असतात, पण ती उत्तरे ज्या प्रश्नातून निघाली तो प्रश्न त्यात सापडत नाही. म्हणून पाठ केलेले महिनाभरात विसरले जाते.

पानाला तास लागणे वाईट नाही. अशा लेखांत खरी अडचण अनोळखी शब्दांची नसते, त्यांना शब्दकोश आहेच. अडचण ओळखीच्या शब्दांची असते. ‘एजन्सी’ म्हटले की आपल्याला गॅसची एजन्सी आठवते. समाजशास्त्रात त्याचा अर्थ माणसाचे कर्तेपण, म्हणजे परिस्थितीच्या रेट्यातही स्वतः ठरवून काही करण्याची त्याची क्षमता, असा आहे. ‘स्टेट’ हा शब्द दिसला की विद्यार्थी ‘राज्य’ असे वाचतो आणि महाराष्ट्र किंवा कर्नाटक डोळ्यांसमोर आणतो, तर लेखकाला अभिप्रेत असते राज्यसंस्था, ज्यात कायदेमंडळ, न्यायालय, पोलीस आणि तुमच्या गावचे तलाठी कार्यालयही येते. या एका शब्दापायी आख्खा लेख चुकीचा समजलेली मुले मी पाहिली आहेत. अशा शब्दांसाठी एक वही करा; डाव्या बाजूला शब्दाचा रोजचा अर्थ आणि उजव्या बाजूला त्या लेखातला अर्थ लिहा. दोन सत्रांत साठ-सत्तर शब्द झाले, तरी पुष्कळ वाट मोकळी होते.

लेख वाचताना पहिले दोन परिच्छेद आणि शेवटचा भाग आधी वाचा, आणि हा लेखक कोणाचे म्हणणे खोडून काढतो आहे, हे एका मराठी वाक्यात समासात लिहा. हे वाक्य जमले की मधली पाने वाचायला तुमच्याजवळ एक धागा असतो. संकल्पना आधी मराठीत पक्की करून घ्यायची असेल, तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, आणि स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश तुमच्या ग्रंथालयात असेल, तर त्यातली नोंद वाचून मग इंग्रजी लेखाकडे वळा. परीक्षा मराठीतून देण्यात कमीपणा मानू नका. विचार ज्या भाषेत स्वच्छ होतो, त्याच भाषेत उत्तर लिहा. इंग्रजी वाचन मात्र सोडू नका, कारण आपल्याच जिल्ह्यांवर झालेले कितीतरी संशोधन आज फक्त इंग्रजीत उपलब्ध आहे. या गोष्टीची मला फार खंत वाटते, आणि ती दूर झाली तर तुमच्यासारख्या दोन्ही भाषा जाणणाऱ्यांकडूनच होईल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : प्रकल्पासाठी मी आमच्या गावातील ऊसतोड कामगारांचे स्थलांतर हा विषय घेतला आहे. चाळीस घरांचे सर्वेक्षण करायचे आहे. प्रश्नावली कशी करावी? – एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : विषय फार चांगला आहे, आणि तो तुमच्या अंगणातला आहे. पण आधी वेळेचा विचार करा. तुम्ही जानेवारीत गेलात, तर ज्यांच्याबद्दल विचारायचे आहे ती माणसे फडात असतील आणि घरी म्हातारी माणसे व लहान मुले तेवढी भेटतील. सर्वेक्षण एक तर दसऱ्याच्या आधी करा, नाहीतर हंगाम संपून टोळ्या परतल्यावर करा.

घरे ओळखीप्रमाणे निवडू नका. ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही असते. त्यात ३२० घरे असतील, तर एक ते आठपैकी एक चिठ्ठी काढा आणि त्या क्रमांकापासून दर आठवे घर घ्या. बरोबर चाळीस घरे होतील. नोंदवहीत न आलेल्या झोपड्या किंवा तांड्यावरची घरे असतील, तर त्यांची यादी स्वतः फिरून करा आणि चिठ्ठी काढण्याआधी ती नोंदवहीला जोडा, कारण हंगामाला जाणारी बरीच घरे नेमकी तिथे असण्याचा संभव असतो. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावाची लोकसंख्या मिळेल, पण २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन हंगामात झाली होती, हे विसरू नका. त्या दिवसांत गावातली किती घरे बंद होती, हे जुन्या जाणत्यांना विचारून घ्या.

आता प्रश्नावली. ‘तुम्ही काम करता का?’ असे बाईला विचारले, तर ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर येण्याची दाट शक्यता आहे, जरी ती सकाळपासून दुपारपर्यंत खुरपून आली असली तरी. त्याऐवजी काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले, हे क्रमाने सांगायला लावा आणि तासांची नोंद तुम्ही करा. जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारी व्यक्ती मुख्य कामगार आणि त्याहून कमी काम करणारी सीमान्तिक कामगार धरली जाते. पाच महिने ऊस तोडणारी आणि उरलेल्या काळात मिळेल तेव्हा रोजाने जाणारी बाई कुठे बसते, हे तुमच्या नोंदींवरून पाहा.

‘घरातले निर्णय कोण घेते?’ हा प्रश्नही काढून टाका. त्याला सगळे ‘दोघे मिळून’ म्हणतात. या वर्षी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, ती कोणाच्या हातात मिळाली, त्या वेळी बायको तिथे होती का, आणि त्या पैशातला पहिला खर्च कशावर झाला, असे विचारा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल व हिशेब कोयत्यावर होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. जिचे काम अर्ध्या कोयत्याचे आहे, तिची वेगळी मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. तुमच्या प्रकल्पाचा गाभा मला इथे दिसतो. म्हणून एकाच घरात नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे विचारा, शक्यतो बायकोला तुम्ही स्वतः, आणि दोघांच्या उत्तरांत जिथे फरक पडतो त्या जागा वेगळ्या शाईने लिहा.

घरात शिरल्यावर आपण कोण, माहिती कशासाठी हवी, ती मुकादमापर्यंत जाणार नाही आणि नको वाटेल तो प्रश्न टाळता येईल, हे सगळे आधी सांगा. कागदावर नावाऐवजी घराचा क्रमांक टाका. आणि चाळीस घरांना हात घालण्यापूर्वी निवडीबाहेरच्या चार-पाच घरांत प्रश्नावली चालवून पाहा. जो प्रश्न तुम्हाला दोनदा समजावून सांगावा लागला, तो त्या बायांनी सांगितलेल्या शब्दांत पुन्हा लिहा.