गेम सुरू केला की पीसी रिस्टार्ट होतो, दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड गेलं. नवीन घेऊ का? कोणतं?

नका घेऊ. निदान इतक्यात तरी नकाच.

तुम्ही दिलेली माहिती अशी: पीसी २०१९चा, आय-फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, राहायला गोव्यात म्हापशाजवळ. ब्राउझर, सिनेमे, ऑफिसचं काम दिवसभर बिनतक्रार. गेम लावला की पाच-दहा मिनिटांत खटकन रिस्टार्ट. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच कार्ड गेल्याचं सांगितलं आणि लगेच नव्या कार्डाचा भावही सांगितला. त्यातच सगळं आलं.

कार्ड जातं तेव्हा बहुधा आधी कुरकुरतं. पडद्यावर रंगीत चौकोन येतात, पट्ट्या येतात, पडदा काळा होऊन परत येतो आणि ड्रायव्हर कोसळल्याचा निरोप मिळतो, नाहीतर मग डिस्प्लेच येत नाही. पंख्यांसकट आख्खा पीसी एका क्षणात पडतो तेव्हा संशय आधी विजेवर घ्यायचा. विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर (पीसीत काय घडलं त्याची वही) उघडून कर्नेल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. ती नोंद स्वतः काही सांगत नाही, 'नीट शटडाउन न होता बंद पडला' एवढंच. पण तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्याचा एरर नंबर) शून्य असेल, तर विंडोजला निळा पडदा दाखवायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे बहुतेक वेळा वीजच तुटली.

आणखी एक फुकटची परीक्षा. एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाच्या सेटिंग्जचा प्रोग्राम टाका, कार्डाची पॉवर लिमिट साठ-सत्तर टक्क्यांवर आणा, गेमला सेकंदाला ३० फ्रेमची (३० एफपीएस) मर्यादा घाला आणि तोच गेम तासभर खेळा. रिस्टार्ट थांबला तर कार्डावरचा संशय बराचसा काढून एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर टाका. जीटीएक्स १६५० जेमतेम ७५ वॉट घेतं. एवढ्या भाराने धाप लागत असेल तर तो एसएमपीएस निवृत्तीला आलाय.

हे मला तोंडपाठ आहे, कारण यावरूनच चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत ताईच्या घरी मोठा वाद झाला होता.

ताई डिचोलीला दिलेली. भावोजी वायरमन, आणि चांगले वायरमन, हे आधीच सांगतो. भाच्याला पीसी हवा होता, जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. रायझन फाइव्ह ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. यादीत ५५० वॉटचा एक बरा एसएमपीएसही होता. भावोजींचं बोट यादीवरून खाली आलं आणि नेमकं त्याच्यावर थांबलं. "कॅबिनेटा वांगडा डबो येता मरे, आनीक दुसरो कित्याक?" म्हणजे कॅबिनेटबरोबर एसएमपीएस येतोच, मग दुसरा कशाला?

त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापलेलं होतं. खालचा बारीक तक्ता मी त्यांना वाचून दाखवला. १२ व्होल्टच्या लाइनवर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच लाइनवर जगतात. १६६० सुपर एकटंच १२५ वॉट घेतं, ३६०० कागदावर ६५ वॉटचा असला तरी जोरात ८८पर्यंत जातो. बेरीज तुम्हीच करा. आणि इनपुटच्या रकान्यात लिहिलं होतं २०० ते २४० व्होल्ट. भावोजींचं म्हणणं एकच, कंपनीने ४५० लिहिलंय म्हणजे ४५०. पैसे त्यांचे, घर त्यांचं. मी डबा बसवून दिला.

पीसी चालला. उन्हाळाभर चालला, पावसातही चालला. मग चवथ आली. मूळ घर असल्यामुळे सगळं कुटुंब तिथे. माणसं तिप्पट, म्हणजे पाणीही तिप्पट, म्हणून विहिरीवरचा पंप सारखा चालू. माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छतावर) फोकस, मखराला माळा. आणि मागच्या खोलीत भाच्याभोवती सगळी भावंडं गोळा. पीसी पडायला लागला. पुढे घुमट या वाद्यावर आरती रंगात आणि मागून पोरांचा एकच ओरडा, असं दोन्ही वेळा. शेवटी भावोजींनी सगळ्यांसमोर निकाल दिला: "तुजो कॉम्प्युटर पाड जाला, म्हजें वायरिंग न्हय. रातदीस गेम खेळ्ळ्यार आनीक कितें जातलें?" म्हणजे बिघडला तो माझा कॉम्प्युटर, त्यांचं वायरिंग नाही; रात्रंदिवस गेम खेळल्यावर दुसरं काय होणार?

जोडून दिला होता मी, तेव्हा तो जन्माचा माझाच झाला.

पीसी पडतो त्या क्षणी खोलीतला दिवा मंद होतो आणि बाहेर पंपाचा आवाज सुरू होतो, हे भाच्याला केव्हाच कळलं होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मी मीटर काढला, मिन-मॅक्सचं बटण दाबून त्याच्या सॉकेटला लावला आणि ताईला पंप लावायला सांगितलं. आधी २३१ व्होल्ट. पंप उठताना १७८. चालू राहिल्यावर २१०च्या आसपास.

मागची खोली घर बांधल्यावर बऱ्याच वर्षांनी काढलेली. तिची लाइन स्वयंपाकघरातल्या बोर्डातून ओढलेली, आणि पुढे तीच पंपाला नेलेली, तीही एक स्क्वेअर एमएमच्या वायरने. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, उठताना त्याच्या कितीतरी पट. त्यात कौलांखालच्या जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलचा जोड सैल होऊन काळा पडलेला. ज्या एसएमपीएसला किमान २०० व्होल्ट हवेत त्याला १७८ मिळाले, आणि तेही कार्ड पूर्ण जोरात असताना. एटीएक्स या डेस्कटॉप एसएमपीएसच्या मानकाप्रमाणे वीज क्षणभर गेली तरी एसएमपीएसने मोठ्या भारावरही साधारण १७ मिलिसेकंद तग धरायला हवा. स्वस्त डब्यात त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्येच काटकसर केलेली असते. नुसत्या डेस्कटॉपवर भार कमी असतो म्हणून निभावतं, गेममध्ये निभावत नाही. तुमच्या पीसीचं लक्षणही हेच आहे.

खरी भीती वाटली ती सॉकेट उघडल्यावर. आत अर्थची पिन वायरच्या इवल्याशा तुकड्याने न्यूट्रलला जोडलेली! हे भावोजींनी केलं की त्यांच्या हाताखालच्या पोराने, हा विषय आमच्यात आजही काढायचा नसतो.

हे नीट समजून घ्या, कारण जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. अर्थ अजिबात नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. पत्रा अधांतरी राहिला की निम्मा दाब, साधारण ११५ व्होल्ट, त्याच्यावर येतो. प्रवाह अगदी थोडा, पण पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभं राहिलं की जाणवतोच. भाच्याच्या खोलीत मुंग्या येत नव्हत्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं तर मीटरवर शून्य. सगळं झकास! पण भार चालू असताना तिथे अगदी ठार शून्य दिसलं तर खूश होऊ नका. खरी अर्थ वेगळ्या वायरने लांबून येते, त्यामुळे थोडाफार, एक-दोन व्होल्टचा फरक दिसायला हवा. शून्य दिसलं की कोणीतरी तिथल्या तिथे तुकडा टाकल्याचा संशय घ्या. तो काळा पडलेला न्यूट्रलचा जोड एखाद्या दिवशी सुटला असता, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट आले असते, आणि त्याला पाय टेकून भाचा बसलेला असतो.

चवथ उलगल्यावर, दुकानं उघडताच, मी स्वतःच्या पैशांनी ५५० वॉटचा एसएमपीएस आणला. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (कमी-जास्त दाबही सांभाळून घेणारं सर्किट), इनपुट १०० ते २४० व्होल्ट. तुकडा काढला, पण लाइन अजून जुनीच होती. गेम चालू ठेवून भावोजींसमोरच पंप लावला. दिवा मंद झाला, गेम चालत राहिला. ते म्हणाले, योगायोग. नंतर त्यांनी गुपचूप मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअरची वेगळी लाइन आणि खरी अर्थ ओढली, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की कॉम्प्युटर सुधारला तो या लाइनमुळे. लाइन हवीच होती, कबूल. पण गेम आधी चालला होता, लाइन नंतर आली. साक्षीला पूर्ण घर आहे.

असो. तुमच्याकडे वळतो.

पहिलं काम, पीसी उचलून दुसऱ्या खोलीत न्या, जिथली लाइन वेगळी असेल, आणि तिथे गेम लावून बघा. दुसरं, मित्राचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून आणा. या दोन्हींचा खर्च शून्य. तेवढ्याने निदान झालं नाही तरच पुढचं. एसएमपीएस घ्यायचाच झाला तर कॅबिनेटवाला नको, रंगीत दिव्यांचाही नको. चार-पाच हजारांत ५५० वॉटचा बरा मिळतो. लेबलावर १२ व्होल्टच्या लाइनचा वॉटमधला आकडा वाचा, एकूण वॉटच्या जवळपास हवा. '८० प्लस'चा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल किती टिकाऊ आहे ते नाही.

तुमच्याकडे टीव्हीचा जुना रिलेवाला स्टॅबिलायझर पीसीला लावलेला असेल तर काढा. रुंद इनपुटच्या एसएमपीएसला त्याची गरज नाही आणि त्याची टकटक म्हणजे दरवेळी विजेत एक खाच. यूपीएस हवा, पण ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. तो सेव्ह करून बंद करण्यापुरता, लाइट गेल्यावर मॅच संपवण्यासाठी नाही. जूनमध्ये आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. नेटची केबलसुद्धा काढा, ती सगळे विसरतात.

किनाऱ्याची खारी दमट हवा आणि डिचोली-सांखळीकडची लाल धूळ, दोन्ही स्लॉटची शत्रू आहेत. रॅम आणि कार्ड काढून सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवा. खोडरबरही चालतो, कण मात्र झटकून टाका. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ चालू ठेवा. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता.

आता थोडी पुस्ती. मी वायरमन नाही. सॉकेट, बोर्ड, जंक्शन बॉक्स उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडून मेन बंद करूनच करून घ्या. मी केलं म्हणून तुम्ही करू नका. एसएमपीएसचा डबा तर उघडूच नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो. आणि हो, कार्डात शॉर्ट असेल तरीही पीसी असाच पडू शकतो, म्हणून मित्राच्या पीसीत तुमचं कार्ड लावून एकदा खात्री करून घ्या. प्रोसेसर तापत असेल तर तेही बघा, त्याच्यावरची २०१९ची थर्मल पेस्ट आता वाळली असणार.

कोणतं कार्ड, हे विचारलंच आहे म्हणून. १०८०पीवर खेळत असाल तर आरएक्स ६६०० मिळालं तर बघा, १३२ वॉट, एक ८-पिनची केबल लागते, आणि ती तुमच्या एसएमपीएसला आहे का हे आधी पाहा. तुमचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० आणि ते कार्ड आठ लेनचं (बोर्डाशी बोलायला आठच वाटा), त्यामुळे किंचित तोटा होईल, रडण्यासारखा नाही. त्याआधी ८ जीबीची रॅम १६ करा, दोन काड्या, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा जुन्या डीडीआर४ काड्या कोणी विकत असेल तर चौकशी करा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमच्या ९४००एफवर विंडोज ११ चालतं, बायोसमध्ये पीटीटी (विंडोज ११ला लागणारं टीपीएम, इंटेलच्या नावाने) चालू करा.

आणि ते 'गेलेलं' १६५० दुकानदाराला बायबॅकमध्ये देऊ नका. तो ते दुसऱ्या दिवशी चालू कार्ड म्हणून विकेल.