लॅटिन बोलणारा रोमन आज एकही उरला नसताना तिचे मूळ उच्चार विद्वानांना कसे कळतात?

वसईतल्या आमच्या चर्चच्या गायनवृंदातून सतराव्या वर्षी मला ज्या शब्दापायी काढण्यात आले तो 'काएलीस' (caelis, म्हणजे स्वर्ग) हा लॅटिन शब्दच असल्यामुळे हा प्रश्न वाचून मला गप्प राहवले नाही. 'पातेर नोस्तेर' या प्रार्थनेत सारे 'इन चेलीस' म्हणत. इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन वक्ता सिसेरोच्या काळी 'सी' हे अक्षर प्रत्येक स्वरापूर्वी 'क' असेच उच्चारले जाई, हे मी नुकतेच वाचले होते आणि तालमीत तसे मोठ्याने गायलो. वृंद चालवणारे काका कडाडले, "असा उच्चार जगात कधी कोणी केलेला नाही. रोमन तुझ्या कानात सांगून गेले काय रे?"

कानात नव्हे, पण लिहून गेले होते. इ.स. ९५ च्या सुमारास वक्तृत्वशिक्षणावर ग्रंथ लिहिणाऱ्या क्विंटिलियनने 'के' हे अक्षर बहुतेक ठिकाणी अनावश्यक ठरवताना कारण दिले की 'सी' आपले बळ सर्व स्वरांपर्यंत पोहोचवतेच. तो तिथे उच्चार शिकवत नव्हता, लेखनाचा वाद मिटवत होता, आणि म्हणूनच ही साक्ष मला सर्वांत भरवशाची वाटते. ग्रीक लोकही सिसेरोचे नाव 'किकेरोन' असेच लिहीत.

त्याहून मौजेचे वचन इ.स.पू. पहिल्या शतकातील रोमन विद्वान निगिडियस फिगुलसचे आहे, जे पुढच्या काळातील लेखक ऑलस गेलियसने जपून ठेवले: 'आंगुइस', म्हणजे साप, या शब्दातला 'न' खरा नव्हे, कारण तो खरा असता तर जीभ टाळूला लागली असती. 'गंगा' म्हणून पाहावे. ज्या ध्वनीला आपल्या वर्णमालेत ङ हे स्वतंत्र घर आहे, त्याला रोमन लिपीत अक्षरच नव्हते. शब्दान्तीचा 'म' क्विंटिलियनला गाईच्या हंबरण्यासारखा वाटे, आणि पुढे स्वर आला तर तो जेमतेम ऐकू येतो, असेही त्याने नोंदवले आहे.

या वैयाकरणांवर डोळे झाकून विसंबू नये, हे मात्र खरे. लॅटिनमधील आघाताचे वर्णन त्यांनी ग्रीकांकडून उचललेल्या सुरांच्या परिभाषेत केले, त्यामुळे त्यांचे म्हणणे शिलालेखांतील लेखनदोष आणि पद्यातील मात्रा यांच्याशी ताडून घ्यावे लागते. 'चेलीस' हा नंतरचा, इटालियन वळणाचा उच्चार असून चर्चमध्ये गाताना तोच चालतो, हेही मला मान्य आहे. काका "इथे तसे गात नाहीत" एवढेच म्हणाले असते, तर मी निमूट 'चेलीस' गायलो असतो. पण ते "कधी कोणी केलेला नाही" म्हणाले, आणि त्याचा पुरावा त्यांनी आजतागायत दिलेला नाही.