शब्द जोडीदारासकट उचल

लेका,

शिरोलीच्या फाउंड्रीतून ब्रिटनच्या ग्राहकाला लिहिलेला तुझा मेल वाचला. स्पेलिंग सगळी बरोबर, तरी ‘काहीतरी खटकतंय’ म्हणालास. खटकायलाच हवं.

‘आय हॅव अ डाउट इन युअर ड्रॉइंग.’ मराठीत शंका विचारतातही आणि घेतातही. तिकडच्या ‘डाउट’मध्ये फक्त घेणं आहे. तुला एक माप कळलं नाही; तो वाचणार, ‘यांचा आपल्या ड्रॉइंगवर भरवसा नाही.’ ‘क्वेश्चन अबाउट’ लिही.

शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती, रिव्हिजन सी, चालू असताना हे लिहिलंस, तर ‘पुन्हा बी वर जायचं का?’ असा उलटा मेल येईल. ‘बॅक’ तर ‘रि’मध्येच आलं. साध्या ‘रिप्लाय’नं काय घोडं मारलंय?

शब्द एकटा पाठ करू नकोस. जोडीदारासकट उचल. ‘वी डिस्कस्ड द ब्लोहोल्स’ (ओतकामात राहिलेली वायूची छिद्रं), इथं ‘अबाउट’ नाही. नाम आलं की मात्र ‘अवर डिस्कशन अबाउट द ब्लोहोल्स’. तसंच ‘वी रिक्वेस्ट अ सॅम्पल’, पण ‘अवर रिक्वेस्ट फॉर अ सॅम्पल’. ‘एम्फसिस’ला ‘ऑन’ लागतो, ‘एम्फसाइझ’ला लागत नाही. आपण मराठीत एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो, त्यात नामाची सवय क्रियापदाला चिकटते आणि घात होतो. म्हणून पुन्हा सांगतो, जोडीदारासकट!

‘इक्विपमेंट्स’, ‘इन्फॉर्मेशन्स’ यांच्या ‘एस’च्या शेपट्या काप. ‘प्रीपोन’वरून, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणण्यावरून, मी भांडणार नाही. शब्दकोशांनी त्याला ‘भारतीय इंग्रजी’ असा शेरा मारून घरात घेतलंय. पुण्याला चालेल, ब्रिटनला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिही.

लोक म्हणतात, अर्थ पोचला की झालं, हा म्हातारा उगीच कीस काढतो. काढतो! नियमांची नावं घोकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, वाक्यं घोकायची राहिली. तुझं तसं होऊ देणार नाही. आणि खरं सांगू, ‘डाउट’मध्ये अर्थ पोचलाच कुठं होता?

शंभर पानी वही घे. पानाच्या डोक्यावर एक क्रियापद, खाली त्या ग्राहकाच्याच जुन्या मेलमधून जशीच्या तशी उतरवलेली तीन वाक्यं. मराठी अर्थ लिहायचा नाही, तिथंच घसरगुंडी सुरू होते. नवा मेल लिहिलास की फक्त क्रियापदांखाली रेघ मार आणि प्रत्येकापुढचा शब्द वहीशी ताडून बघ.

ड्रॉइंगवाला मेल अजून ड्राफ्टमध्येच असेल तर पाठवू नकोस. कुठलं माप अडलंय त्याचा आकडा पहिल्या ओळीत घाल आणि उद्या मला दाखव.