'अज्ञात चित्रकाराचे आत्मचित्र' असं लिहावं का?

प्रश्न असा: स्वच्छंदतावादी (रोमँटिक) काळातल्या, सही नसलेल्या एका 'सेल्फ-पोर्ट्रेट'खाली 'अनामिक कलाकाराचे स्वव्यक्तिचित्र' अशी ओळ चालेल का?

'स्वव्यक्तिचित्र' चूक नाही, पण जड आहे. 'आत्मचित्र' रुळलेला शब्द आहे, तोच घ्या. (प्रुफं तपासताना डोळ्यांत तेल घाला, त्याचं 'आत्मचरित्र' होऊन बसतं.) 'निनावी'त नाव मुद्दाम लपवल्याचा वास येतो, निनावी पत्रासारखा. 'अनामिक' कवितेत शोभतं. नाव ठाऊकच नसेल तर सरळ 'अज्ञात'. काळासाठी नुसतं 'रोमँटिक' लिहिलंत, तर वाचक चित्रात प्रेयसी शोधेल.

खरी मेख षष्ठी विभक्तीत, म्हणजे 'चा-ची-चे'त आहे. 'अज्ञात चित्रकाराचे व्यक्तिचित्र' म्हणजे त्याने काढलेलं, की त्याचं कुणी काढलेलं? 'आत्मचित्र' म्हटलं की ही संदिग्धता मिटते खरी, पण चित्रातला माणूस आणि चित्रकार एकच, असा दावा आपण करून बसतो. चित्रकारच अज्ञात असताना तो दावा कशाच्या बळावर?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं साधारण १८२० च्या सुमाराचं एक चित्र पाहा. हातावर डोकं टेकून बसलेला तरुण, मागे पॅलेट, कवटी, प्लास्टरची आकृती. बराच काळ ते फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या नावावर होतं, आज तसं खात्रीने म्हणत नाहीत. त्याच्याखाली मी लिहीन: 'कलावंताचे व्यक्तिचित्र, चित्रकार अज्ञात, पूर्वी जेरिकोचे मानले जाई'. पॅलेट दिसली म्हणून आत्मचित्र ठरत नाही. मित्रांनी एकमेकांची चित्रंही काढलेली असतात.

आरशात बघून काढलेल्या चित्रात डावं-उजवं उलटतं. उजव्या हाताने रंगवणारा चित्रकार डावखुरा दिसतो. पुरुषी कोटाची बटणं एरवी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतात, ती उजवीकडे जातात. पण या खुणांवरही फार विसंबू नये. कुंचला धरलेला हात काही चित्रकार रंगवतानाच सुलटा करून घेत, आणि त्या काळातले दुहेरी बटणांचे कोट दोन्ही बाजूंनी लावता येत. रोखून पाहणारी नजर तर कुठल्याही व्यक्तिचित्रात असू शकते.

म्हणून पुरावा पक्का असेल तर 'आत्मचित्र, चित्रकार अज्ञात'. तर्कच असेल तर 'बहुधा आत्मचित्र'. आणि 'व्यक्तिचित्र'मधला 'क्ति' ऱ्हस्वच ठेवा. सुटा शब्द 'व्यक्ती' असला तरी समासात तो मूळ रूपात येतो.