रग्बी बघायला लागलायस? आधी एवढंच

सिडनीत आल्या आल्या रग्बीची गोडी लागली, फार बरं वाटलं. सगळे नियम पाठ करत बसू नकोस.

- खेळ कोणता ते आधी बघ, रग्बीचे दोन प्रकार आहेत: लीग आणि युनियन. लीगमध्ये १३ खेळाडू, ट्रायला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) ४ गुण. युनियनमध्ये १५ आणि ५. नवखे इथेच घोळ घालतात.
- लीगमध्ये टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) मोज. पडलेला खेळाडू उठून पायाने चेंडू मागे सरकवतो, की झाला एक. सहाव्याला चेंडू समोरच्यांकडे जातो, म्हणूनच पाचव्यानंतर बहुधा किक मारतात. हे कळलं की सामना उलगडतो.
- हाताने पास पुढे नाही.

नजर चेंडूवरच खिळवू नकोस. बचावाची रांग बघ, फट तिथेच पडते. स्क्रमचे (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटतात, त्याचे) बारकावे नंतर. आधी स्टेट ऑफ ओरिजिन ही दोन राज्यांमधली लीगची मालिका बघ, आणि न्यू साउथ वेल्सचा निळा की क्वीन्सलंडचा मरून, ते पहिल्याच दिवशी ठरव!