प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला फायद्याच्या जिवंत) जिवाणूंना 'कवच' घालतात म्हणजे नक्की काय करतात? श्रीखंड, ज्यूस, बिस्किट यांत त्याने खरंच फरक पडतो का?

कवच घालणं म्हणजे जिवाणू एखाद्या संरक्षक पदार्थात गुंडाळणं. फरक पडतो, पण कशापासून वाचवायचंय आणि कुठल्या पदार्थात घालायचंय यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही श्रीखंड, ज्यूस आणि बिस्किट एका दमात विचारलंत, पण तिघांची गणितं वेगळी आहेत.

मी दुग्धतंत्रज्ञानातला. आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापर सोडियम अल्जिनेटचा, म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळातून काढलेल्या पावडरचा. तिचं साधारण 2 टक्क्यांचं द्रावण करतात. एकदम ओतली की गुठळ्या ठरलेल्या, म्हणून ढवळत ढवळत भुरभुरवायची आणि बुडबुडे जायला रात्रभर ठेवायची. सकाळी त्यात जिवाणू मिसळून सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचे. कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना जखडतं आणि थेंब पडताक्षणी भिजलेल्या साबुदाण्यासारखा मणी तयार. सुई पाण्याच्या फार जवळ धरली तर मण्याला शेपटी येते.

जठरातल्या आम्लात हा मणी आकसतो, पण टिकतो. पुढे लहान आतड्यात सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते, तिथले फॉस्फेट वगैरे क्षार कॅल्शियम ओढून घेतात, मणी सैल होऊन फुटतो आणि जिवाणू बाहेर पडतात. कागदावर झकास! अडचण अशी की मणी सच्छिद्र असतो, आम्ल हळूहळू आत झिरपतंच. म्हणून वरून कायटोसानचा थर देतात. त्याचा विद्युतभार धन, अल्जिनेटचा ऋण, त्यामुळे तो छान चिकटून बसतो. पण कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून येतं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका हवा असेल तर तो पर्याय तिथेच बाद.

दुसरी गोची आकाराची. सिरिंजचे मणी 2-3 मिलिमीटरचे, श्रीखंडात ते लगेच दाताखाली येतात. तेलात घुसळून मणी 100 मायक्रॉनच्या खाली आणले तर जिभेला कळत नाहीत, पण मणी जितका बारीक तितकं संरक्षणही कमी. यात मधला मार्ग काढण्यातच निम्मं संशोधन खर्ची पडतं.

ज्यूसमध्ये आम्ल आणि पाणी दोन्ही, शिवाय मुक्काम आठवडेच्या आठवडे. तिथे मणी फक्त ऱ्हासाचा वेग कमी करतो. त्यापेक्षा कोरड्या पदार्थांत हे जमवणं सोपं. जिवाणू गोठवून सुकवायचे, वर चरबीचा पातळ थर द्यायचा, म्हणजे ओल आत शिरत नाही. चॉकलेट चांगलं वाहक ठरतं ते याचमुळे, त्यात पाणी जवळपास नसतंच.

आता बिस्किट. भट्टीची उष्णता अल्जिनेटच्या ओल्या मण्याने अडत नाही. बिस्किटावर 'प्रोबायोटिक' दिसलं तर आत बहुधा बॅसिलस कोएग्युलन्स हा जिवाणू असतो. तो स्वतःच बीजाणू, म्हणजे उष्णतेत टिकणारं सुप्त रूप, बनवतो, म्हणजे कवच तो घरूनच घेऊन येतो. नाहीतर भाजल्यानंतर क्रीममध्ये जिवाणू घालावे लागतात.

कोणी मण्यातले जिवाणू मोजून दाखवले तर आधी विचारा, मणी विरघळवले होते का? सोडियम सायट्रेटमध्ये पूर्ण विरघळवल्याशिवाय जिवाणू वाढवून मोजायच्या प्लेटवर पसरले तर अख्ख्या मण्याची एकच वसाहत (ठिपका) दिसते, आत लाखो असले तरी. लोक इथे हटकून फसतात आणि आकडा विनाकारण पडलेला दिसतो.

विकत घेताना 'एन्कॅप्सुलेटेड' (कवच घातलेले) या शब्दापेक्षा आकडा बघा. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या नियमानुसार रोजच्या सेवनात किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत. हा आकडा उत्पादनाच्या दिवशीचा की मुदत संपतानाचा, हे पाकिटावर लिहिलेलं असेल तर उत्तम, नसेल तर कंपनीला मेल टाकून विचारा. आणि पावडर घेतलीत तर ती गरम दुधात ढवळू नका, कोमट चालेल.